डबीतली गुलछडी

आजीची फणीकरंड्याची पेटी माझ्या वाट्याला आली तेव्हा आत काय काय निघेल याची मला भारी उत्सुकता होती. शिसवी लाकडाची पेटी, झाकण उघडलं की उभा राहणारा आरसा, त्यावर काळे डाग पडलेले. आत एक फणी, कुंकवाचा करंडा आणि एक चपटी पितळी डबी. डबीत मेण. दगडासारखं घट्ट झालेलं. नखाने खरवडलं आणि सहज नाकाशी नेलं तर काय, अगदी पुसट, पण वास होता! आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आजी मेण पातळ करताना त्यात अत्तराचा थेंब टाकायची. दिवसभर कपाळाला वास यायचा तिच्या."

मैत्रिणींनो, आपल्या आज्या-पणज्या आधी कपाळावर मेणाचं बोट लावायच्या आणि मग त्यावर कुंकू टेकवायच्या. टिकलीचं पाकीट आलं आणि मेणाची डबी गेली. ही पेटी मी कपाटावर ठेवून दिली होती, विसरलेही होते. मग दोन-तीन वर्षांपूर्वी मुलीने पुण्याहून येताना एक छोटीशी गोल डबी आणली. म्हणे 'सॉलिड परफ्यूम'. बोटाने घ्यायचं आणि मनगटावर, कानामागे लावायचं. स्प्रे नाही, सांडायची भीती नाही. डबीवर मोठ्या अक्षरात 'नैसर्गिक फुलांचा सुगंध' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात काय काय आहे त्याची यादी: मधमाशीचं मेण, बदामाचं तेल आणि शेवटी 'फ्रेग्रन्स'. बस, एवढंच. किंमत सांगत नाही, तुम्हाला राग येईल.

"अगं, ही तर तुझ्या पणजीची डबी!" मी म्हटलं आणि पेटी काढून दाखवली. मुलगी हसली. पण माझ्या डोक्यात तो 'फ्रेग्रन्स' अडकून बसला. फुलांचा वास म्हणता, मग फुलाचं नाव का नाही लिहीत?

आमच्या बचत गटात अकरा जणी आहोत. पापड, कुरडया, शेवया, दिवाळीत उटणं, असं आमचं चालतं. त्यातली एक मावशी गुलमंडीच्या बाजूला फुलं विकते. (गुलमंडी! आपल्या छत्रपती संभाजीनगरात पत्ता सांगताना आपण हे नाव दिवसातून दहादा घेतो, पण त्या नावातच फूल आहे हे किती जणींच्या लक्षात येतं?) संध्याकाळी उरलेली फुलं ती फेकून देते. मी तिला म्हटलं, "मावशी, या फुलांचा वास मेणात उतरवता येईल का हो?" ती म्हणाली, "फुलांचा वास माझ्या हाताला वीस वर्षांपासून लागलाय ताई, धुतला तरी जात नाही. मेणाला का नाही लागणार?"

पण कसा लागणार, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. मग मी सिटी चौकातून शहागंजकडे जाताना एका जुन्या अत्तराच्या दुकानात शिरले. दुकानदार चाचांनी आधी माझ्या मनगटावर हिना लावला, मग विचारलं काय पाहिजे. मी सांगितलं, घ्यायचं काही नाही, शिकायचंय. ते हसले, पण बसायला स्टूल दिलं.

अत्तर काढायची कन्नौजची पद्धत त्यांनी हातवारे करून समजावली. तांब्याचं मोठं भांडं म्हणजे डेग. त्यात फुलं आणि पाणी घालायचं, झाकण माती-कापसाने लिंपून बंद करायचं आणि खाली लाकडं-गोवऱ्यांचा जाळ. झाकणातून निघालेल्या बांबूच्या नळीतून वाफ जाते ती भपक्यात. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं, ते गार पाण्याच्या हौदात बसवलेलं असतं आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. वाफ गार होते, वास चंदनात मुरतो, पाणी खालून काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी फुलं, भपका तोच. असं कित्येक दिवस. पहिल्या पावसाचा वासही असाच भाजलेल्या मातीतून काढतात, ते मिट्टी अत्तर तुम्ही ऐकलं असेल.

"मग गुलछडीचं असं करू का घरी, कुकरवर?" मी विचारलं. चाचांनी कपाळाला हात लावला. "ताई, गुलाब को पकाओ तो खुशबू देता है. मोगरे का भी अत्तर निकलता है. मगर गुलछडी को उबालोगे तो उबली हुई भाजी मिलेगी."

कारण मला नंतर वाचताना समजलं. गुलाब तोडला की त्यात जेवढा वास आहे तेवढाच, तो लवकर काढून घ्यावा लागतो. चमेली, मोगरा, गुलछडी यांचं तसं नाही. ही फुलं तोडल्यावरही पुढे कितीतरी तास वास तयार करत राहतात. उकळली की ते कामच थांबतं. मग त्यांना जिवंत ठेवून, हळूहळू, त्यांचा वास कशात तरी शोषून घ्यायचा. कशात? स्निग्ध पदार्थात. फ्रीजमध्ये उघडं लोणी ठेवलं की त्याला लसणाचा वास लागतो ना, अगदी तसंच! फ्रान्समध्ये ग्रास नावाचं गाव सुगंधासाठी प्रसिद्ध आहे. तिथे काचेच्या चौकटीवर प्राण्यांच्या चरबीचा थर पसरून त्यावर एकेक फूल ठेवायचे, शिळं झालं की काढून नवं. तीस-तीस वेळा फुलं बदलायची. ती वास भरलेली चरबी म्हणजेच एक प्रकारचं घट्ट अत्तर.

आपल्याकडे चरबीच्या जागी तीळ होते. जौनपूर, गाझीपूर, कन्नौजकडे तिळाचा थर, फुलांचा थर, पुन्हा तिळाचा थर असं रचून ठेवत. फुलं रोज बदलायची. वास पुरेसा मुरला की तीळ घाण्यात टाकायचे. जे निघेल ते फुलेल. फुलाला आग दाखवायची नाही, तेल तापवायचं नाही.

हे काही फक्त तिकडचं नाही बरं का! कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शिवेपलीकडचं. त्यात राजाच्या स्नानाच्या प्रकरणात फुलांनी वासवलेल्या तिळाच्या तेलाचं वर्णन आहे. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात 'गंधसार' आणि 'गंधवाद' या सुगंधशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथांवर लेख लिहिले. यातल्या गंधवादावर चक्क मराठी टीका आहे! म्हणजे आपल्या भाषेत कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी अत्तर कसं करायचं हे समजावून सांगत होतं. गंधसारात सुगंध करण्याच्या सहा क्रिया दिल्या आहेत, त्यातली एक 'वासन', म्हणजे फुलांच्या संगतीने वास लावणं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण तीन वर्षांत लढाया आणि तह यापलीकडे काही हाती लागलं नव्हतं. असो.

गुलाबाच्या अत्तराची गोष्ट तर तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातलीच वाटावी अशी. लोक त्याचं श्रेय नूरजहाँला देतात, पण जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात ते तिच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. ती गुलाबपाणी करत होती. गरम पाणी ताटांत ओतल्यावर वर तवंग आला, तो तिने फेकला नाही, थोडा थोडा जमवला. झालं अत्तर. दुधावरची साय जमवावी तसं! सलीमा सुलतान बेगमने त्याला नाव मात्र दिलं 'इत्र-ए-जहांगिरी'. काढलं सासूने आणि नाव जावयाचं. आता एक गंमत बघा. अस्सल गुलाबाचं तेल थंडीत आपोआप गोठतं, मुळातच ते अर्धं घट्ट असतं. आणि एक किलो तेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमचा पहिला प्रयोग चैत्रात झाला, मोगऱ्यावर. दोन किलो पांढरे तीळ, त्यावर मलमल, मलमलीवर मावशीच्या कळ्या. संध्याकाळी कळ्या उमलायच्या आणि माझं देवघर दरवळून जायचं. बारा दिवस फुलं बदलली. तिळाला काय वास लागला होता सांगू! ते घेऊन लाकडी घाण्यावर गेलो, तर घाणेवाले दादा म्हणाले, "ताई, दोन किलोत माझा घाणा ओलाही होणार नाही. निदान दहा किलो आणा." मग घरी मिक्सरमध्ये फिरवून, फडक्यात पिळून बघितलं. हाताला तेल लागलं तेवढंच. वाया कशाला घालवायचं म्हणून त्या तिळकुटाची चटणी केली. मोगऱ्याचा वास येणारी तिखट चटणी घरात एकानेही खाल्ली नाही.

श्रावणात जाईच्या कळ्या कोमट तेलात बुडवून ठेवल्या. पावसात भिजलेल्या कळ्या होत्या. चार दिवसांत तेलाला बुरशीचा आंबूस वास. फुलावरचं पाणी तेलात गेलं की असं होतं, हे अनुभवाने शिकलो.

आणि मग मार्गशीर्ष आला. एका सकाळी मी नेहमीसारखी खोबरेल तेलाची गोठलेली बाटली उन्हात ठेवायला गॅलरीत गेले आणि तिथेच थांबले. अहो, हीच की ती ग्रासची चरबी! उत्तर प्रदेशाला तीळ, फ्रान्सला चरबी आणि आपल्याला मराठवाड्याच्या थंडीत गोठलेलं खोबरेल. खोबरेल पंचवीस अंशांच्या आत घट्ट होतं आणि आपल्याकडे डिसेंबरात रात्री चांगलाच गारठा असतो. दुपारी मात्र वरचा थर पातळ व्हायचा. मग मावशीनेच मार्ग काढला. "गुलछडी रात्री वास देते ताई, दिवसा झोपते. रात्रीच ठेवू, सकाळी उचलू."

तशी आमची पद्धत बसली. अर्धा किलो साधं, बिनवासाचं खोबरेल स्टीलच्या परातीत ओतून गोठवायचं. सुरीने वर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, म्हणजे वास आत उतरतो. संध्याकाळी पाव किलो गुलछडीची सुटी फुलं, एकेरीच घ्यायची, दुहेरी फुलाला वास कमी. फडक्यावर पसरून ती कोरडी करायची आणि तेलावर पालथी ठेवायची. वर दुसरी परात झाकण म्हणून. सकाळी उठून एकेक फूल चिमटीने उचलायचं, देठ आत राहू द्यायचा नाही. अशा दहा रात्री. शेवटी तेल अगदी मंद कोमट करून गाळायचं, मधमाशीचं मेण वेगळं पातळ करायचं आणि एक भाग मेणाला चार भाग तेल मिसळून लगेच डब्यांत ओतायचं. मेण पासष्ट अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवूनच वितळवावं, थेट गॅसवर नको. अर्ध्या किलोतलं शंभरेक ग्रॅम तेल फुलांबरोबर जातं. उरलेल्याच्या दहा ग्रॅमच्या पन्नास डब्या झाल्या. आणखी एक, फुलाचा आहे म्हणून तो सगळ्यांच्या कातडीला मानवेलच असं नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा.

पहिली डबी मी मावशीच्या हातात दिली. मावशीचे मालक जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून तिने किती हजार गजरे गुंफले असतील, पण स्वतःच्या केसात एक फूल माळलं नाही. कुणी मना केलं होतं असं नाही. तशी वेळच येऊ दिली नाही तिने. तिने बोटाने जरासं घेतलं, मनगटावर चोळलं, पदराने झाकलं. म्हणाली, "गजरा दिसतो ताई. हे दिसत नाही."

याच सुमारास आम्हाला ऑर्डर आली. ओळखीच्या एक बाई, मोठ्या सोसायटीतल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दोनशे डब्या हव्यात, डबीला पन्नास रुपये. दहा हजार! आमच्या गटाने एवढी रक्कम एका वेळी कधी पाहिलेली नव्हती. फक्त त्यांची एक तक्रार होती. "वास छान आहे हो, पण फारच हळू आहे. झाकण उघडल्याबरोबर घमघमाट आला पाहिजे. थोडं इसेन्स टाका ना बाजारातलं. आणि वर नैसर्गिक असं लिहा, बायकांना आवडतं."

मी पुन्हा चाचांकडे. त्यांनी एक छोटी बाटली दाखवली. उघडली आणि खरंच, घमघमाट. त्यांनी लपवलं नाही काही. मोगऱ्याच्या वासातला एक मुख्य घटक म्हणजे बेंझिल ॲसिटेट, तो कारखान्यात स्वस्तात तयार होतो. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी तेलं असतात. हे विष आहे असं मी म्हणत नाही. कृत्रिम वास असणं हा गुन्हाही नाही. चाचा म्हणाले, "मैं तो बोल के बेचता हूँ. आप क्या लिखोगे, वो आप देखो."

फुलांनीच वास वाढवायचा तर त्याच तेलावर पंचवीस रात्री फुलं बदलायला हवी होती. चार पराती, पंचवीस रात्री, म्हणजे पंचवीस किलो गुलछडी. एका डबीला सव्वाशे ग्रॅम फुलं! त्यात मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नसराई, भाव चढलेले. फुलं, तेल, मेण आणि रिकामी डबी मिळून खर्च पन्नासच्या वर जात होता. गुलाबाचा तो चार हजार किलोंचा आकडा आठवला ना? सुगंधाचा हिशेब असाच असतो.

बैठकीत भांडण झालं, खोटं कशाला सांगू. आमची खजिनदार म्हणाली, "दहा थेंबांनी काय होतं? कुणाला कळणार आहे?" दुसरी म्हणाली, "मुलाची फी भरायचीय, मला तत्त्वं नका शिकवू." तिचंही खरं होतं. मी गटाची अध्यक्ष, पण मला काही बोलता येईना. माझ्या घरी पगार येतो, मला तत्त्वं परवडतात.

मावशी सगळ्यात शेवटी बोलली. "मी शिळ्या फुलांवर पाणी मारून ताजी म्हणून विकलीयत. खोटं कसं असतं मला चांगलं माहीत हाये. पण ते संध्याकाळपर्यंत उघडं पडतं, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंडावर बोलतं. हे वर्षभर डबीत बंद राहील. इसेन्स टाकायचं तर टाका, पण मग वर इसेन्स लिहा."

'इसेन्स' लिहिलेली डबी बाईंना नको होती. ऑर्डर गेली. आणि त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याने, तो औषधांच्या क्षेत्रात आहे, मला वेगळाच धक्का दिला. "काकू, विकायला सौंदर्यप्रसाधनं बनवायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. १९४० चा कायदा आहे आणि २०२० चे नियम आहेत." म्हणजे ऑर्डर टिकली असती तरी ती आम्ही घेऊच शकत नव्हतो! बचत गटांच्या मैत्रिणींनो, पापडाची नोंदणी आहे म्हणून अत्तर-क्रीम चालून जाईल असं समजू नका. आधी चौकशी करा, मग ऑर्डर घ्या. आम्ही उलटं केलं.

पन्नास डब्या मात्र होत्याच. त्या आम्ही आमच्याच हळदीकुंकवाला, रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी, ठेवल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा आम्ही बैठकीत टाळ्या वाजवल्या होत्या. पण आमच्या स्वतःच्या हळदीकुंकवाला मावशी दरवर्षी आतल्या खोलीत चहाचे कप भरायची, हे आमच्यापैकी कुणीच बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. या वेळी अत्तर तिचं होतं. ते तिनेच लावायचं असं ठरलं.

ती दारात उभी राहिली, हातात डबी. येणाऱ्या प्रत्येकीच्या हाताच्या पाठीवर बोट टेकवत होती. गल्लीतल्या एक वयस्क काकू आल्या, त्यांनी हात पुढे केला, मग मावशीच्या कपाळाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. कुणीच काही बोललं नाही. काकू आत जाऊन बसल्या. मागे त्यांची सून होती. तिने दोन्ही हात पुढे केले.

काकूंनी डबी नेली नाही. एकोणपन्नास वाटल्या गेल्या. उरलेली एक मी आजीच्या पेटीत ठेवली आहे. त्यावर आम्ही चिकटवलेला कागद आहे: गुलछडी, खोबरेल, मधमाशीचं मेण, पुढे महिना आणि साल. मे महिन्यात आपल्या इकडच्या उन्हाने ती मऊ पडते, आंब्याच्या पेटीत ठेवल्यासारखी. मग ती फ्रीजमध्ये जाते, लोण्याच्या शेजारी. लोण्याला गुलछडीचा वास लागला म्हणून यजमानांची कुरकुर चालू आहे.

परवान्याची माहिती काढणं सुरू आहे, कागद बरेच आहेत. दरम्यान मोगरा आलाय. या वेळी अकरा जणींनी एकेक किलो तीळ काढलेत, घाणेवाल्या दादांना सांगून ठेवलंय. मावशी रोज संध्याकाळी कळ्या घेऊन येते आणि आल्याबरोबर आधी तिळात हात घालून वास बघते. काल म्हणाली, "अजून चार दिवस, ताई. अजून तिळाचा तीळ वास यायलाय."